कलाहारीतली ती सकाळ माझी नव्हती

कोलशेतच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी आमच्या आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटाच्या प्रवासाचे फोटो दाखवत होतो. तिथल्या सान आदिवासींबरोबर सकाळी रानात कसा हिंडलो ते रंगवून सांगत होतो. एका बाईंनी विचारलं, "वहिनी रानातल्या एकाही फोटोत कशा नाहीत?"

"ती तंबूत बसलेली, साप साप करत," मी म्हणालो.

हॉल हसला. पहिल्या रांगेत बसलेली माझी बायकोही हसली. मग ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिथे जिथे बोलावलं, तिथे मी हेच सांगितलं.

आता वय झालं आहे. खरं काय ते लिहून ठेवतो.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं परदेशी पर्यटकांच्या एका गटाबरोबर मोठ्या ट्रकमधून नामिबिया आणि बोट्स्वाना फिरलो. मुक्कामाला आपला तंबू आपणच उभारायचा, जेवल्यावर ताटंही आपणच धुवायची. पुसायला फडकं नसायचं. सगळे गोल उभे राहून ताटं हवेत हलवून वाळवायचे. डोंबिवलीला घरी मी पाण्याचा पेलाही कधी विसळला नव्हता. ही शेजारून म्हणायची, "अहो, आरती नाही चाललीय, जोरात हलवा." पुढे पुढे मला त्यात मजा वाटू लागली. संध्याकाळी शेकोटीवर ती गुरगुट्या भात करायची. बरोबरच्या गोऱ्या मंडळींनी आमच्या मेतकुटाचा डबा चाटूनपुसून संपवला. अजूनही कुठे लाकूड जळताना वास आला की मी त्या वाळूत जाऊन बसतो.

त्या सकाळी सान बायका आम्हाला रानात न्यायला आल्या. निघताना वाटाड्याने आमच्या तंबूशेजारी वाळूत उमटलेली नागमोडी रेघ दाखवली. रात्री साप गेलाय, एवढंच सहज बोलला. गुडघा दुखतोय म्हणालो, कॅमेरा हिच्या गळ्यात अडकवला आणि ट्रकमध्ये काचा लावून बसलो. ही त्यांच्याबरोबर गेली. फोटो तिने काढलेत, म्हणून ती त्यांत नाही.

मध्यंतरी मानपाड्याच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचं बोलावणं आलं. तिला चल म्हटलं, तर ती जागची उठलीही नाही.

"तुम्ही जा. माझा गुडघा दुखतोय."

इतक्या वर्षांत एवढंच काय ते टोचून बोलली.

तिथे मी सगळं खरं सांगून टाकलं. लोक नेहमीपेक्षा जास्त हसले. मी स्वतःचीच चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं.

घरी येऊन तिला हे सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिने विचारलं, "कंदाचं सांगितलंत का?"

"कुठला कंद?"

मग तिने सांगितलं. एका म्हातारीने काठीने वाळू उकरून हातभर खोलातून कंद काढला. त्याचा वेलाकडचा तुकडा मोडून परत खड्ड्यात ठेवला. हिची आई कोकणात करांदे काढताना अगदी असंच करायची, वेल पुन्हा धरावा म्हणून. ही न सांगता खाली बसली आणि खड्ड्यात वाळू लोटू लागली. म्हातारी थांबून बघत राहिली. मग तिने मनगट धरून हिला पुढच्या वेलापाशी नेलं आणि काठी हिच्याच हातात दिली.

"त्याचा फोटो कसा नाही?" मी विचारलं.

"कोण काढणार? माझे दोन्ही हात वाळूत होते."