येसरची नऊ मिनिटं

भूत, पिशाच्च, अंगात येणं... असल्या गोष्टींना मी जन्मभर शिव्या घातल्या. आजबी घालतो. चाळीस वर्षं मोटर रिवाइंडिंगचं काम केलं, शिक्षण चौथी. तार जोडली की करंट जातो, तुटली की नाय जात, एवढंच मला कळतं. तरी जे झालं ते लिहितो.

औरंगपुऱ्याच्या मागं आमच्या दोन खोल्या. दुष्काळाचा सलग दुसरा उन्हाळा. शहर सिल्लोड रोडला पार लांबवर गेलं, रोज नवी बिल्डिंग, आणि आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी — तेबी पाऊण तास. पाणी आलं की माझी बायको मालती मोरीतून हाक मारायची, "अहो, पाणी आलं," आणि मी मोटर चालू करायचो. तीस वर्षं हेच.

आदल्या उन्हाळ्यात ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली. मी म्हणालो नाटकं नको, आधी ड्रम भर, पाणी जाईल. अर्धा ड्रम भरला आणि ती तिथंच खाली बसली. खोटं कशाला सांगू — मी आधी मोटर बंद केली, मग तिच्याकडं गेलो.

पोरगी सुनंदा पुण्यात असते. तिचा जुना लॅपटॉप माझ्याकडं होता. त्यात मालतीची एक रेकॉर्डिंग होती. आमटीला लावायचा येसर कसा करायचा, कोणती डाळ किती भाजून दळायची, हे ती लेकीला सांगतीय. नऊ मिनिटं. मधीच मी बाहेरून ओरडतो, "बास कर तुझं पुराण, ड्रम भर." ती हसते, "आले" म्हणते, आणि पुन्हा सांगत राहते. मी रोज ऐकायचो.

सुनंदा लई मागं लागली, अण्णा, मला मोबाईलवर पाठवा. मी नाय पाठवली. आईचा आवाज ऐकायचा तर घरी ये म्हणालो. ती महिन्याला यायची, मी मोबाईल बाजूला ठेवायला लावायचो, मग ती ऐकायची, रडायची, दोन दिवस राहून जायची. कॉपी दिली असती तर आली नसती, हे मला पक्कं माहीत होतं.

मग लॅपटॉप अडकायला लागला. दहादा बटण दाबलं तर एकदा चालू व्हायचा. क्रांती चौकाजवळ सलीमचं रिपेरिंगचं दुकान आहे. मशीन मी घराबाहेर नेऊ देईना, म्हणून तोच आला. त्यानं सांगितलं ते असं — बटण दाबल्यावर मशीनला सगळ्यात आधी जागं करणारा एक प्रोग्राम चिपमध्ये असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. ह्या मॉडेलचा कंपनीनं सोडून दिलाय. पण काही लोकांनी आपसात मिळून नवा लिहिलाय, सगळ्यांसाठी उघडा, फुकट. तो टाकू. फक्त आधी डिस्कची कॉपी काढून घेऊ.

"कॉपी नको," मी म्हणालो.

"चचा, ऐसा क्या छुपाके रखा है?" तो हसला.

"तू तुझं काम कर."

बॅटरी फुगली म्हणून काढलेली, मशीन थेट बोर्डावर. सलीमनं बजावलं, पंधरा मिनिटं काही लावायचं नाय, काही काढायचं नाय, मधी लाईट गेली तर मशीन मेलं. म्हणून मी स्वतः बोर्डापाशी खुर्ची टाकून बसलो. दुपारचे तीन. स्क्रीनवरची पट्टी अर्ध्यावर आली.

आणि मोरीतून आवाज आला, "अहो, पाणी आलं."

मी उठलो. बरेच दिवस बंद पडलेली मोटर आधी हातानं फिरवायची, नायतर जाम असते — हे मी गिऱ्हाइकांना चाळीस वर्षं सांगत आलो. त्या दिवशी नाय फिरवली. सरळ बटण दाबलं. मोटर जागीच घुमली, फ्यूज उडाला, स्क्रीन काळी.

सलीमनं कपाळाला हात लावला. मग हळूच विचारलं, "चचा, घर में और कौन है? पानी आया बोलके कोई बोला ना अभी?"

त्यानं मालतीला कधी बघितलेलं नव्हतं. मी नळ सोडला. कोरडा. गल्लीत एकबी मोटर चालू नव्हती. आमची पाळी परवा होती.

मशीन परत उठलं नाय. सलीमनं डिस्क काढून दुकानात दुसऱ्या मशीनला जोडली. रविवारी सुनंदा आली. फोटो, कागद सगळं जागेवर. रेकॉर्डिंगबी होती, पुरी नऊ मिनिटं. लावली. कढईत डाळ परतल्याचा आवाज. नळाची टिपटिप. सुनंदाचं "हं, मग?" मालतीच्या जागी काहीच नाय. आणि मधी, स्वच्छ, "बास कर तुझं पुराण, ड्रम भर."

सुनंदानं तीनदा लावली. सलीम म्हणाला फाईल चांगली आहे, आणि चिप मेली म्हणून एका माणसाचा आवाज असा निवडून जात नसतो.

"अण्णा, तुम्ही पुसलाय," सुनंदा म्हणाली.

मला साधं नाव टाईप करता येत नाय, असं मी म्हणालो.

"मग बरंय की. तुमचं ओरडणं राहिलं."

त्यानंतर ती आलेली नाय. फोन केला तर बिझी आहे म्हणते.

सलीम म्हणतो ऊन होतं, भास झाला असंल. दोघांना एकच भास? त्यावर तो हातातलं रिपेरिंग पुढं ओढतो.

आता पाण्याच्या दिवशी गल्लीतल्या मोटरी सुरू होतात, मला कळतं पाणी आलंय. तरी मी बटणावर हात ठेवून बसतो. कधीकधी पाणी निघून जातं, ड्रम रिकामाच राहतो. हाक येत नाय. नऊ मिनिटं होती तिच्याकडं, लेकीसाठी बोललेली. ती सगळी त्या एका हाकेत तिनं माझ्यावर का घालवली, हे मला अजून उलगडलेलं नाय.