पसंतीला नेलेली तीन हेडं

चिपळूणहून सोलापूरला निघालो तेव्हा शेजारणीने विचारलं, "चादरी आणायला का?" मी आपलं हो म्हटलं. आम्ही दोघं एवढा लांबचा प्रवास करून एका पक्ष्याचा फोटो काढायला चाललोय, हे तिला सांगून काय उपयोग होता! पक्ष्याचं नाव धाविक. लांब पायांचा, माळावर तुरुतुरु धावणारा. आमच्या कोकणातल्या झाडीत तो कुठून दिसणार? आमचे हे शाळेत चित्रकला शिकवायचे आणि निवृत्त झाल्यापासून पक्ष्यांचे फोटो काढतात. निघण्याआधी त्यांनी जेवताना जाहीर केलं होतं, "या खेपेला जमलं नाही तर कॅमेरा विकून टाकायचा."

अडचण होती ट्रायपॉडच्या हेडची. ट्रायपॉड म्हणजे तीन पाय. त्या पायांच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये जो फिरणारा, आवळून पक्का करता येणारा भाग असतो तो हेड. ह्यांचं म्हणणं, आपलं हेड झिजलंय, कितीही आवळा, कॅमेरा मान टाकतो. माझा संशय निराळा होता. वर्षभरापासून ह्यांचा उजवा हात थरथरतो. चहा अर्धाच कप मागतात. सही करायची वेळ आली की नेमका चष्मा सापडत नाही. विचारलं तर म्हणतात, "थंडी आहे गं." थंडी! चिपळुणात! मे महिन्यात!

पण नवऱ्याला तोंडावर खोटं पाडायचं कसं? मी बॅग भरायला घेतली.

घाट चढल्यावर माळशिरसपर्यंत दुतर्फा ऊस होता. टेंभुर्णीला गाडी बदलली. तिथल्या टपरीवाल्याने चहाबरोबर न मागता दोन बिस्किटं ठेवली. ती मी परत केली, कारण न मागता आलेल्या वस्तूचे पैसे शेवटी आपल्याच बिलात येतात. "अगं, तो प्रेमाने देतोय," हे म्हणाले. विश्वास पानिपतात मेला, असं मी त्यांना ऐकवलं. हसले, आणि बिस्किटं स्वतःच घेऊन खाल्ली. बिलात ती नव्हती, पण म्हणून काय झालं?

सोलापुरात उतरल्यावर थेट दुकान गाठलं. ह्यांच्या ओळखीच्या एका फोटोग्राफरने पत्ता दिला होता, तिथे हेड स्वस्त मिळतं म्हणून. स्वस्त म्हटलं की माझे कान टवकारतात. मी बाजारात बांगड्याचे कल्ले उचलून बघितल्याशिवाय पिशवी उघडत नाही. आणि इथे आत शिरून बघते तर काय, समोर साड्या! हे दारातच थबकले. मी मनात म्हटलं, झालं, शेंडी लागली.

"या की वैनी, बसा. कॅमेऱ्याचं मागच्या बाजूला हाय." मालकाचं नाव श्रीनिवास. माणूस पन्नाशीचा, कपाळाला गंध. तेलुगू विणकरांचं घराणं. वडील साड्या विकायचे, ह्याने मागच्या अर्ध्या दुकानात लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचं सामान भरलेलं. "नवरीची साडी आन् नवरीचा फोटो, दोनी आमच्याकडंच," असं म्हणून तो हसला. मी हसले नाही.

ह्यांनी आमचं बजेट सांगितलं. मी पायावर पाय दिला तरी सांगितलं! गिऱ्हाइकाने आधी आकडा सांगायचा असतो का? श्रीनिवासने काचेवर तीन हेडं मांडली. पहिलं गोळ्याचं. आत एक गोळा फिरतो आणि एकच चावी आवळली की सगळं पक्कं होतं. दुसऱ्याला पिस्तुलासारखी मूठ. मूठ दाबली की सुटतं, सोडली की धरतं. तिसरं तीन दांड्यांचं. एक दांडी वर-खाली करायला, एक डावी-उजवीकडे फिरवायला आणि एक तिरकं करायला, प्रत्येक वेगळी आवळायची. बोजड, जुनाट आणि सगळ्यांत स्वस्त. ह्यांनी मूठवाल्याकडे बघितलं आणि तिसऱ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"कुठलं चांगलं?" मी विचारलं.

"मी सांगून काय उपयोग? तिनी घेऊन जावा. माळावर वापरून बघा. पसंत पडंल ते ठिवा, बाकीची आणून द्या."

"आणि अनामत?"

"कशाला? साड्या न्हाईत का लोक घरी नेत पसंतीला? चार नेतेत, एक ठिवतेत."

मला घाम फुटला. ना नाव विचारलं, ना फोन नंबर, आणि तीन-तीन हेडं परक्याच्या हातात? पाणी नक्की कुठंतरी मुरत होतं. तेवढ्यात त्याला फोन आला. आमच्याकडे बघत तो तेलुगूत बोलला आणि दोनदा म्हणाला, "रेपु, रेपु." रेपु म्हणजे उद्या, हे मला त्याच दिवशी रिक्षावाल्याकडून कळलं, पण तोवर मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ही हेडं आधीच मोडकी आहेत आणि परत आणली की 'तुम्हीच मोडलीत' म्हणून गळ्यात मारणार. मी मोबाइल काढला आणि तिन्ही हेडांच्या एकूण एक ओरखड्याचे फोटो काढले. श्रीनिवासने खालची बाजूही उलटी करून दाखवली. "हितं बी एक हाय वैनी, ह्यो ऱ्हायला," म्हणाला. हे लाजेने साड्यांकडे बघत उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधीच ठरवून ठेवलेले बिरूभाऊ त्यांची जीप घेऊन आले. धनगर समाजातले, घरी अजून मेंढरं आहेत, पण स्वतः भाड्याची गाडी चालवतात. "धाविक दिसेल ना नक्की?" मी विचारलं.

"दिसतंय की रोज. पर त्ये आपल्यासाटी उबं ऱ्हात न्हाय. लई पळतंय."

म्हणजे नाही दिसला तर दोष पक्ष्याचा. हुशार आहेत, मी मनात नोंद केली.

शहर मागे पडलं आणि माळ सुरू झाला. पिवळं गवत, मध्ये मध्ये खडक, आणि डोळ्याला आडवं यायला काहीच नाही. आम्हा कोकणातल्या माणसांना एवढं मोकळं आभाळ बघून जरा उघडं पडल्यासारखं वाटतं. बिरूभाऊंनी गाडी एका बांधाशी लावली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "त्ये बगा, तितं."

खरंच होता! तपकिरी अंग, डोळ्यावर पांढरी भुवई, दहा पावलं धावायचा आणि खांब होऊन उभा राहायचा. ह्यांनी गोळ्याचं हेड लावलं, नेम धरला, चावी आवळली. हात सोडला तशी कॅमेऱ्याने हळूहळू मान टाकली. पुन्हा आवळली, पुन्हा टाकली. "हे पण झिजलेलंच आहे," हे म्हणाले. ओरखडे सोडले तर ते हेड कोरं होतं.

मूठवालं लावलं. मूठ धरली तोच हाताचा कंप सगळ्या कॅमेऱ्यात उतरला. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं तरी काचेतलं चित्र हलतच राहिलं, आणि मूठ सोडेपर्यंत नेम सुटायचा. धाविक पुढे पळाला. ह्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांचा चेहरा मला बघवेना. "जाऊ दे," ते म्हणाले. "विकून टाकू. बसलाय धूळ खात."

कॅमेरा गेला तर हा माणूस सकाळी उठणार कशासाठी?

"तिसरं राहिलंय," मी म्हटलं.

"ते म्हाताऱ्यांचं आहे."

"मग आपण कोण आहोत?"

मीच ते बोजड हेड ट्रायपॉडवर चढवलं. ह्यांनी दांड्या धरून कॅमेरा फिरवला, धाविक पुन्हा उभा राहिला, आणि ह्यांची बोटं पहिल्या दांडीवर घसरू लागली. मी न विचारताच पुढे वाकले आणि दांडी आवळली. हे थांबले. मला वाटलं, आता ओरडतात. कॅमेऱ्याला त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता, मला तर नाहीच.

"थोडं डावीकडे," ते म्हणाले. मी दुसरी दांडी धरून फिरवलं. "अजून. बस. आवळ."

मी आवळली. बटण वायरीचं होतं, त्यामुळे ह्यांचा हात कॅमेऱ्याला लागत नव्हता. त्यांनी दाबलं. खट्. पक्षी पळाला, थांबला, मी दांड्या सोडल्या, फिरवलं, आवळलं. खट्.

"दाखवा," मी म्हटलं. माझा अजून विश्वास नव्हता. त्यांनी फोटो मोठा केला. पक्ष्याच्या डोळ्यात आभाळाचा ठिपका दिसत होता. बिरूभाऊ मागून म्हणाले, "गावलं का पाखरू?" हे अजून फोटोच बघत होते, म्हणून मीच सांगितलं, "गावलं."

बांधावर बसून बिरूभाऊंच्या घरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी (शेंगदाण्याची, लाल तिखट घालून कुटलेली) खाल्ली. चटणीचा रंग बघून मी आधी बोटभरच घेतली आणि मग तीनदा मागितली.

परत दुकानात जाताना मला नवीनच धास्ती. आता बाईमाणसाने आवळलेलं हेड सांगायला ह्यांना कमीपणा वाटणार आणि हे ऐटीत मूठवालं घेणार. श्रीनिवासने विचारलं, "कंचं पसंत पडलं?"

हे म्हणाले, "मला हाताला कंप आहे. बटण मी दाबतो, आवळते ही. तीन दांड्यांचं द्या."

एवढं सरळ! दुकानात दोन बायका साड्या बघत होत्या, त्यांच्यादेखत! श्रीनिवासने मान हलवली. "मग ह्येच बरं. दांड्या लांब हायेत, वैनींच्या हाताला जोर लागायचा न्हाय." बाकीची दोन त्याने न तपासताच कपाटात ठेवली. मी मात्र पक्कं बिल घेतलं आणि गॅरंटीवर शिक्का मारून घेतला. तेवढं सोडायचं नसतं.

परतीच्या गाडीत मी फुगून बसले होते. शेवटी न राहवून बोलले, "वर्षभर मला थंडीच्या गोष्टी सांगितल्यात आणि त्या परक्या माणसाला एका वाक्यात खरं सांगून मोकळे झालात."

"तुला काय सांगायचं? तुला ठाऊकच होतं."

"कशावरून?"

"पावसाळ्यात मी आंघोळीला गेलो असताना तू माझं जुनं हेड आवळून बघितलंस."

बघितलं होतं. कॅमेरा दुपारपर्यंत जागचा हलला नव्हता. "पण तुम्हाला कसं कळलं?"

"मला ते नंतर सुटेना," ते म्हणाले. "शेवटी शेजारच्या मुलाकडून सोडवून घेतलं."

वर्षभर मी ह्यांच्यावर पाळत ठेवत होते आणि हे माझ्या हाताने आवळलेलं हेड घेऊन मुकाट्याने शेजारी गेले होते. मला रडू आलं. मी खिडकीकडे तोंड केलं.

एवढ्या प्रवासात मी टपरीवाला, दुकानदार, जीपवाला, सगळ्यांना चोर ठरवून बघितलं, आणि एकानेही मला फसवलं नाही. स्वभाव काही जाणार नाही माझा, पुढच्या वेळीही मी ओरखड्यांचे फोटो काढीनच. घरी आल्याला आता आठवडा झाला. आज सकाळी परसातल्या शेवग्यावर खंड्या बसला होता. हे आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अगं, येतेस का आवळायला?"

हातातलं पीठ तसंच घेऊन मी धावले.