मी गाळलेला शब्द

हे मी आजवर तोंडातून बाहेर काढलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून आज जमेल असं वाटतंय. किती जमतं, बघू.

शब्दापासून सुरू करते. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, शब्दांवर बोलणं मला सोपं जातं. व्हेरिक्स म्हणजे फुगून वेडीवाकडी झालेली शीर. एकापेक्षा जास्त असल्या की व्हेरिसेस. पायावर निळ्या गाठी दिसतात त्या व्हेरिकोज व्हेन्स, हे तुम्हीही ऐकलं असेल. पण नुसतं व्हेरिसेस म्हटलं तर शीर शरीरात कुठली, ते कळत नाही. ते त्याच्या आधीचा शब्द सांगतो. आज मी हे किती नीट सांगते, नाही? तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं. येत नाही असं म्हणता आलं असतं का? आलं असतं. दोन शब्दांचं तर काम होतं.

सत्तर सालानंतरची दोन-तीन वर्षं. आम्ही तांडापेठेत, विणकरांच्या वस्तीत राहत होतो — आई, दादा, वहिनी आणि मी. वडील लहानपणीच गेलेले. दादा हातमागावर लुगडी विणायचा. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि दिवसभर पायांनी पावड्या दाबायचा. आमच्या गल्लीतून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी, आणि मला पाठवलं ते दादानंच. कुणाची तार आली, सरकारी कागद आला की लोक तो माझ्याकडे आणायचे. मी वाचायची आणि मोठी-मोठी माणसं गप्प होऊन ऐकायची. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

त्या हिवाळ्यात दादा थकल्यासारखा दिसू लागला. पाय सुजायचे, पोट जड वाटायचं, जेवण जाईना. मोठ्या दवाखान्यात त्याला खडूसारखं पांढरं औषध पाजून फोटो काढले. डॉक्टरांनी हिंदीत सांगितलं की नसा फुगल्या आहेत, ही चिठ्ठी घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे जा. दादा उलटून प्रश्न विचारणारा माणूस नव्हता. चिठ्ठी खिशात घालून घरी आला. आई तेव्हा खाप्याला मावशीकडे गेली होती. घरात आम्ही तिघंच.

"वाच वं बाई, काय लिवलं त्याईनं," दादा म्हणाला.

घाईचं अक्षर होतं. एक लांबलचक शब्द, ओ-पासून सुरू होणारा — तो मला लागेना. त्याच्यापुढे व्हेरिसेस. आमच्या कॉलेजातल्या एक बाई पायांना पट्टे बांधायच्या, व्हेरिकोज व्हेन्स म्हणायच्या, तेवढं मला ठाऊक होतं. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी — मी तो पहिला शब्द गाळला. जणू कागदावर नव्हताच.

"पायाच्या शिरा फुगल्या," मी म्हणाले. "पावड्या दाबून-दाबून झालं हे. पट्टे बांधायचे, पाय उंच ठेवायचे. घाबरण्यासारखं काही नाही."

दादा हसला. त्याला किती बरं वाटलं, ते मला दिसलं. वहिनी मात्र हसली नाही. तिला अक्षर येत नव्हतं, पण माणूस वाचता यायचा.

"पण बाई, त्याहिले तर पोटात जड वाटून राह्यलं," ती म्हणाली. "अन् चिठ्ठी मोठ्या डाक्टरले दाखवा म्हटलं ना? उद्या जाऊन येऊ काय?"

"इंग्रजी तुले येते का मले?"

हे मी म्हणाले. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या बाईला. मग तिनं जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि रोज सकाळी दादाच्या पायांना बांधू लागली, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, एक सुरकुती न ठेवता. आई खाप्याहून परतली, पट्ट्या पाहून घाबरली, तेव्हा वहिनीनंच तिला सांगितलं, पायाच्या शिरा आहेत म्हणून. माझंच वाक्य.

चिठ्ठी मी माझ्या पुस्तकात ठेवली होती. लायब्ररीतल्या मोठ्या शब्दकोशात तो शब्द बघणार होते. का नाही बघितला? कॉलेजचं संमेलन होतं. माझं इंग्रजीतून भाषण होतं. पंधरा दिवस मी त्या भाषणातले उच्चार घोकत होते — आणि लायब्ररीच्या दारावरून रोज जात होते.

मग एका दुपारी वर्गात निरोप आला.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा दादा खाटेवर होता. सदरा गळ्यापासून कमरेपर्यंत लाल. आईच्या पदरावर रक्त, वहिनीच्या दोन्ही हातांवर रक्त. माणसाच्या तोंडातून एवढं रक्त येतं? मला काही समजेना. खरंच समजेना. दुखणं पायाचं आणि रक्त तोंडातून? मी त्याच्या पायांकडे पाहिलं. पट्ट्या जिथल्या तिथं होत्या, पांढऱ्या, स्वच्छ.

एक तरुण डॉक्टर जुने कागद चाळत होते. म्हणाले, "अन्ननलिकेतल्या शिरा फुटल्या आहेत."

"पायाच्या ना?" मी विचारलं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "पायाच्या कुणी सांगितल्या? यांना तर ताबडतोब भरती व्हायला चिठ्ठी दिली होती. कुठे आहे चिठ्ठी?"

ओ-पासून सुरू होणारा तो शब्द अन्ननलिकेचा होता, हे मला त्या क्षणी समजलं. कुणी न सांगता.

पिशवी माझ्या खांद्याला होती. पिशवीत पुस्तक, पुस्तकात चिठ्ठी. आई माझ्याकडे बघत होती.

"वहिनीकडे होती," मी म्हणाले. "तिनं हरवली. मी तर पाह्यलीच नाही."

किती सहज आलं ते! मी विचार केला नव्हता, ठरवलं नव्हतं. दादाचं रक्त पाहून हादरले होते, हे खरं — पण त्याहून मी हादरते ती त्या वाक्यानं. अजूनही. ते माझ्या आत तयारच होतं का?

वहिनीनं तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मग दादाकडे वळली आणि त्याच्या तोंडाजवळचं रक्त पुसू लागली.

दादा दुसऱ्या दिवशी गेला. वेळेवर नेलं असतं तर वाचला असता का? मी कुणालाही विचारलं नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी मला ते नको होतं.

चिठ्ठी मी त्याच दिवशी जाळली — नाही, त्याच दिवशी नाही. तेरवी झाल्यावर. वहिनी चुलीपुढे बसली होती. आई आतून तिला बोलत होती, माह्या पोराचा जीव घेतला हिनं, एक कागद सांभाळता आला नाही. मी चुलीजवळ गेले आणि घडी केलेला कागद आत टाकला. तो नीट पेटेना. वहिनीनं पाहिला. दवाखान्याचा निळा शिक्का तिला ओळखू येत होता. तिनं एक काटकी घेऊन कागद निखाऱ्यांवर पुढे ढकलला.

"हात मागं घे, बाई," ती म्हणाली. "भाजन तुले."

का केलं तिनं तसं? मला माहीत नाही. माझ्यासाठी, माझ्या शिक्षणासाठी, दादासाठी, की माझ्याशी बोलण्यात आता काही अर्थ उरला नाही म्हणून? महिन्याभरात तिचा भाऊ तिला उमरेडला घेऊन गेला. मूलबाळ नव्हतं. आईनं तिला दारापर्यंतही पोचवलं नाही. मी बी.ए. झाले, नोकरीला लागले, लग्न झालं, प्रताप नगरात राहायला आले. इंग्रजी चांगलं शिकवते, असं लोक म्हणायचे.

दहा-बारा वर्षांनी आई गेली. तेरवीला वहिनी सकाळच्या बसनं आली, एका कोपऱ्यात बसून राहिली. केस पांढरे झाले होते. जेवणाच्या पंगतीला एक शेजारीण दुसरीला हळूच म्हणाली, "हीच नं ती, नवऱ्याची चिठ्ठी हरवणारी?"

वहिनीला ऐकू गेलं. मलाही गेलं. मी भात वाढत होते. मी वाढत पुढे गेले.