फाल्गुनात दिलेल्या चपला

सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी शहाद्याच्या घरी डाळ निवडत बसले होते. सलीमभाई म्हणजे आमच्या अक्कलकुव्याच्या कॉलेजातले ग्रंथालयाचे परिचर. मी तिथं कार्यालय अधीक्षक होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. हा माणूस एरवी फोनवर आधी दहा मिनिटं हवापाणी विचारतो. त्या दिवशी मात्र थेट म्हणाला, "ताई, आपला रुमलादादा गया..." खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, मेलं, विचारायचं राहूनच गेलं! दहा वर्षं एक गोष्ट मी त्या माणसाला विचारणार होते. रोज समोर होता तेव्हा धीर झाला नाही, आणि आता तर विषयच संपला होता.

रुमलादादा आमच्या कार्यालयाचा शिपाई. काठी गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात त्याचा पाडा. किडकिडीत, एका कानात चांदीची बाळी, आणि सगळ्या जगाला 'तू' म्हणणारा. त्यांच्या बोलीत लहानमोठ्याला 'तू'च, त्यात अपमान कसला? पण नवीन प्राचार्य आले त्यांना हे कुठलं ठाऊक! दादानं फाईल पुढं ठेवली आणि म्हणाला, "सर, तू हितं सही कर." साहेबांचा चेहरा असा काही लाल झाला की मला हसू आवरेना, मी पाणी पिण्याच्या निमित्तानं बाहेर पळाले. मलाही तो 'म्याडम तू' म्हणायचा, मी त्याला 'अहो दादा'. रोज अकरा वाजता चहाचा कप माझ्या हातात द्यायचा आणि मी घोट घेईपर्यंत उभा राहायचा. साखर बरोबर पडली की नाही, ते माझ्या तोंडाकडे बघून ओळखायचा.

शिपाई, सफाईवाल्या मावशी, पहारेकरी यांच्यासाठी सणाची भेट निवडायचं काम माझ्याकडे असायचं. म्हणजे मीच ते ओढून घेतलं होतं. माझ्याआधी दिवाळीला सगळ्यांना एकसारखा स्टीलचा डबा आणि सोनपापडी मिळायची. मला ते पटायचं नाही. माणूस बघून वस्तू द्यावी, हा माझा हट्ट. त्यामुळे महिनाभर आधीपासून माझी टेहळणी सुरू. कोणाची छत्री मोडली, कोणाच्या पिशवीला ठिगळ आहे... आमचे हे म्हणायचे, "तू भेट देत नाहीस गं, पंचनामा करतेस."

कॉलेजात नोकरीचं तिसरं वर्ष होतं माझं, तेव्हा मला आणखी एक शहाणपण सुचलं. आपली निम्मी माणसं डोंगरातली, त्यांचा मोठा सण होळी. मग त्यांना दिवाळीला भेट कशाला? या वर्षी होळीला देऊ! माझं माहेर सारंगखेड्याचं, घोडेबाजाराच्या गावचं. घोड्याच्या दाताकडे बघून त्याचं वय सांगेन, पण डोंगरातली होळी मी तोवर नुसती ऐकून होते. तरी असं काही सुचलं म्हणून स्वतःवरच खूश. त्याच सुमारास कॉलेजला तपासणी समिती भेट देणार होती, म्हणून रुमलादादानं मागितलेली आठवड्याची रजा मी कापून दोन दिवसांवर आणली होती. तो नुसतं "बरं," म्हणाला.

आणि त्या आठवड्यात दादा मला विचित्र वागताना दिसू लागला. एक तर अनवाणी. फाल्गुनातलं ऊन, फरशी तापलेली, आणि हा माणूस बिनचपलेचा फिरतोय. मावशींनी डब्यातली भाकरी पुढं केली तर नको म्हणाला, मागच्या आवारात तीन दगड मांडून स्वतःच भाकर भाजून खाल्ली. स्टूल सोडून जमिनीवर बसायला लागला. चहाचा कप हातात देईना, टेबलावर ठेवायचा आणि रजिस्टरनं पुढं ढकलायचा. मी माझ्या बुद्धीनं हिशेब मांडला... चप्पल तुटली, नवी घ्यायची ऐपत नाही. बायकोशी भांडण झालं, ती भाकरी देत नाही. आणि रजा कापली म्हणून माझ्यावर रुसलाय. लगेच सलीमभाईंच्या भावाच्या दुकानात गेले आणि चांगली जाड तळाची, चामड्याची चप्पल घेतली.

समिती जाऊन दोन दिवस झाले होते. दुपारी सगळे कार्यालयात जमले. दादाचं नाव पुकारलं तर तो हात मागं बांधून दाराशीच उभा. मी म्हटलं, "अहो, लाजताय काय नव्या नवरीसारखे!" आणि उठून गेले, कपाळाला कुंकू लावलं, हात धरून पुढं ओढला, खोकं त्याच्या हातात कोंबलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यावर थांबेन तर मी कसली? खोकं उघडून चपला खाली मांडल्या. "घाला की! आत्ता घालून दाखवा!"

तो आपल्या पायांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाला, "नंतर घालीन, म्याडम." चपला खोक्यात ठेवल्या, खोकं काखेत धरलं आणि तापलेल्या डांबरावरून अनवाणीच चालत गेला. मी मनात म्हटलं, काय हा मानी माणूस!

सलीमभाई त्या दिवशी रजेवर होते. दुसऱ्या दिवशी त्यांना मी मोठ्या कौतुकानं सगळं सांगायला लागले तर ते खुर्चीतून उठलेच. "ताई, हाई काय कयं तुम्हीन! तो पालनीमा शे ना!" सलीमभाईंची चौथी पिढी त्या गावात, त्यांना सगळं ठाऊक. त्यांनी समजावून सांगितलं. होळीचा नवस बोललेला माणूस होळीआधी काही दिवस पालनी पाळतो. पायात काही घालत नाही, खाटेवर टेकत नाही, बाईच्या हातचं खात नाही, आणि बाईचा स्पर्श तर अजिबात होऊ देत नाही. मग कमरेला घुंगरं बांधून, अंगावर ठिपके काढून होळीत नाचतो. दादाची नात रोशनी जन्मली ती अगदी मुठीएवढी, जगते की नाही अशी. चिंचपाड्याच्या दवाखान्यात ती वाचली, तेव्हा दादा पाच होळ्यांचा नवस बोलला होता. "आनी हाई पाचवं साल व्हतं, ताई. शेवटलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, तसं. जे जे टाळायचं होतं ते सगळं मी चारचौघांत, टाळ्यांच्या गजरात केलं होतं. रजा कापली नसती तर हा माणूस त्या दिवशी माझ्या समोर तरी आला असता का?

होळीनंतर दादा कामावर आला. पायात जुनीच चप्पल. अकरा वाजता चहाचा कप पुन्हा माझ्या हातात दिला आणि उभा राहिला. मी घोट घेतला आणि मान हलवली. माफी मागायला तोंड उघडलं आणि 'साखर बरोबर आहे' एवढंच म्हणाले... त्याच पावसाळ्यात रोशनीला कावीळ झाली. दादा दोन आठवडे आला नाही, आणि त्या दोन आठवड्यांत माझ्या तोंडचं पाणी पळालं. शिकलेली बाई मी, स्पर्शानं कावीळ होत नाही हे मला कळतं. पण कळून काय उपयोग? रोज देवापुढं बसून म्हणायचे, देवा, चूक माझी आहे, पोरीला कशाला? पोरगी बरी झाली. पण नवस मोडला की काय, दादाच्या मनात माझ्याबद्दल काय आहे, हे विचारायचं धाडस त्यानंतर कधी झालं नाही. नव्या चपला त्याच्या पायात मी एकदाही पाहिल्या नाहीत. फेकून दिल्या असतील, असंच धरून चालले.

तेव्हापासून माझी टेहळणी बंद झाली. मी सरळ विचारायला लागले, की बाबा, तुला काय हवंय? मावशींनी कुकर मागितला, पहारेकऱ्यानं मुलीसाठी दप्तर मागितलं. आणि रुमलादादा म्हणाला, "वस्तू नको. होळीला सात दिवस सुट्टी दे." दिली. पुढची पाचही वर्षं, तो निवृत्त होईपर्यंत दिली. एकदा त्यासाठी प्राचार्यांशी कडाक्याचं भांडले. नवस तर संपला, मग सात दिवस कशाला हवेत, असं मनात आलं होतं. पण सण आहे, जाईल नाचायला, म्हणून सोडून दिलं.

फोन आल्यावर पंधरा दिवसांनी सलीमभाईंना घेऊन त्याच्या पाड्यावर गेले. बांबूच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं घर. दादाची बायको झिलाबाई दाराशीच बसली होती. तिला मराठी कळतं, बोलता फारसं येत नाही. तिचं बोलणं रोशनी मला सांगत होती. हो, तीच रोशनी! आता दहावीला आहे, माझ्यापेक्षा उंच. तिला बघितलं आणि मी जे दहा वर्षं गिळलं होतं ते सगळं तिथल्या तिथं ओकून टाकलं. कुंकू, हात, चपला, रजा, सगळं. "मी त्यांचा नवस मोडला," म्हटलं.

झिलाबाई ऐकत होती. मग रोशनीकडं वळून बरंच काही बोलली. रोशनी म्हणाली, "आजी सांगते, मोडला होता. आजोबांनी परत पहिल्यापासून धरला. पुन्हा पाच होळ्या."

म्हणजे माझ्यामुळे त्या माणसानं म्हातारपणी आणखी पाच वर्षं... आणि माझं हे चाललेलं असताना झिलाबाई चक्क हसत होती! तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. रोशनीलाही हसू येत होतं. "आजी म्हणते, त्या वर्षी नवस संपणार म्हणून आजोबांचं तोंड उतरलं होतं. आता घुंगरं काढून ठेवायची, कोणासाठी नाचायचं? जेवत पण नव्हते नीट. आणि त्या दिवशी दुपारी खोकं काखेत घेऊन हसत घरी आले. म्हणाले, म्याडमनं मला शिवलं. माझ्या पाच होळ्या वाढल्या!"

सलीमभाई डोळे पुसायला लागले. मी रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. दहा वर्षांनी जीव भांड्यात पडला हो. वाटलं, दादा, एका शब्दानं सांगायचं होतं की! पण मी तरी एका शब्दानं कुठं विचारलं होतं?

झिलाबाईनं आत बोट दाखवलं. कुडाच्या भिंतीवर खुंटीला घुंगरांचा पट्टा टांगलेला होता, आणि त्याच्याच शेजारी, सुतळीनं बांधलेल्या, माझ्या चपला. पाचही वर्षं पालनी सुटली की नदीवर आंघोळ करून पहिल्यांदा पायात त्याच घालायचा, रोशनी म्हणाली. नदीपासून घरापर्यंत. मग पुसून वर्षभर टांगून ठेवायचा. चामडं काळं पडलं होतं, तळ मात्र जवळजवळ नवा. मी उठून जवळ गेले, हात पुढं केला आणि मध्येच थांबले. पुन्हा चूक नको, म्हणून मागं वळून झिलाबाईला विचारलं, "शिवू का?"

या खेपेला ती रोशनीसाठी थांबली नाही. तोडक्यामोडक्या मराठीत स्वतःच म्हणाली, "शिव ना तू. आता सुटली त्याची पालनी."