आधी सगळ्या गोळ्या दाखवा

"आधी सगळ्या गोळ्या दाखवा." धंतोलीतल्या आमच्या गल्लीत मेडिकल चालवणाऱ्या ताईंचं हे पहिलं वाक्य. या नाही, बसा नाही. माणूस साधी खोकल्याची बाटली मागायला आलेला असो, ताई हात पुढे करायच्या, बोटं हलवायच्या आणि हेच म्हणायच्या.

त्यांच्या दुकानाला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. बारा वर्षं आमची भिंत एक. तुम्ही कधी पेशंट घेऊन धंतोलीत आला असाल तर तुम्हाला ठाऊकच असेल, इथे माणूस एका दुखण्यासाठी येतो आणि तीन डॉक्टरांच्या फायली घेऊन परत जातो. फायलींची झेरॉक्स माझ्याकडे, गोळ्या ताईंकडे. माझं काम मिनिटाचं, त्यांची चौकशी पंधरा मिनिटांची. त्यांची रांग माझ्या दारात येऊन उभी राहायची आणि माझं डोकं सणकायचं.

"द्या ना ताई देऊन. कोर्ट भरवलं का?" मी आतून ओरडायचो.

"तुमची मशीन एकाचे दोन करते," त्या मान वर न करता म्हणायच्या. "इथं एकाचे दोन झाले तर माणूस जाते, भाऊ."

एकदा उमरेडकडचे एक काका अशक्तपणाचं टॉनिक मागायला आले. सकाळी उठलं की भोवळ येऊन पडायचे. ताईंनी त्यांच्या गोळ्या पाहिल्या. दोन डॉक्टरांनी बीपीची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी दिली होती आणि काका बिचारे दोन्ही इमानदारीत खात होते. ताईंनी टॉनिक दिलंच नाही, त्यातल्या एका डॉक्टरांना फोन लावला. पलीकडचा चढलेला आवाज मलाही ऐकू आला. डॉक्टर कोण, तुम्ही का मी?

"तुम्हीच, सर," ताई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर तुमालेच फोन केला."

दोन मिनिटांनी त्यांनी काकांना एक स्ट्रिप बाजूला काढून दिली. "हे बंद करा, असं डॉक्टरसाहेब म्हणून राहिले. काहून, ते दवाखान्यात जाऊन त्यायलेच विचारा."

अशी ही बाई. आणि मी काय केलं ते ऐका.

माझी आई रामटेकला असायची. तिच्या बोटांचे सांधे सुजले म्हणून मी तिला इकडे आणली. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहिल्या. एक आठवड्यातून एकदाच, फक्त बुधवारी. दुसरी बाकीचे सहा दिवस. दोन्ही बारीक, दोन्ही पिवळ्या. खरं सांगतो, मी त्या ताईंकडून घेतल्याच नाहीत. पंधरा मिनिटं उलटतपासणी कोण देत बसणार? चौकातल्या दुकानातून आणल्या. घरी येऊन सगळ्या गोळ्या सोलून दोन बाटल्यांत ओतल्या, रिकाम्या स्ट्रिपा फेकल्या आणि बाटल्यांतून सात खणांची डबी भरून आईला दिली. माझ्या टापटिपीचं मलाच कौतुक.

दीड आठवड्यात आईचं तोंड आलं. भर मे महिना, आम्ही म्हटलं उष्णता असेल. सब्जा झाला, गुलकंद झाला. तिला वरणाचं पाणीही गिळवेना, तेव्हा मी ताईंकडे गेलो आणि तोंडाला लावायची ट्यूब मागितली.

"तोंड कोणाचं आलं?"

"आईचं."

त्यांनी काढलेली ट्यूब परत ठेवली. "आधी सगळ्या गोळ्या दाखवा."

मी चिडून, पाय आपटत घरी गेलो आणि डबी, बाटल्या, फाईल घेऊन आलो. ताईंनी फाईल वाचली, कपाटातून त्याच दोन गोळ्यांच्या स्ट्रिपा काढल्या आणि एकेक गोळी माझ्या डबीतल्या गोळीशेजारी ठेवली. बराच वेळ पाहत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, बाटल्या उलट्या झाल्या. बुधवारची गोळी तुम्ही रोज देऊन राहिले."

मी धावत जाऊन गाडी काढली. त्यांनी डॉक्टरांना फोन केला, रांगेतल्या लोकांना सांगून शटर खाली ओढलं आणि माझ्या मागे गाडीवर बसल्या. वाटेत एवढंच विचारलं, "ताप हाय का मायले?" होता. तासाभरात आई भरती झाली. तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार उतरल्या होत्या. आणखी दोन दिवस गेले असते तर काही हातात राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

नऊ दिवस ती तिथे होती. ताई रोज दुकान उघडण्याआधी यायच्या, आईजवळ बसायच्या, नर्सशी बोलायच्या. मला एक शब्द टोचून बोलल्या नाहीत. मीच न राहवून सांगून टाकलं, की तुमची चौकशी नको म्हणून दुसरीकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, "मंग माहीबी चूक हाय. माणूस पळून जाईल असं विचारू नाही." त्यानंतर त्यांनी काउंटरसमोर दोन खुर्च्या मांडल्या. प्रश्न मात्र तितकेच.

आई घरी यायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं. "डॉक्टरले मी सांगितलं. आईले तुम्ही सांगा."

"कशाला उगाच तिच्या जिवाला घोर?"

"माय उद्यापासून तुमच्याच हातानं गोळ्या खाईन. तिले माहीत पाहिजे."

मी मान डोलावली. आईला सांगितलं, औषध मानवलं नाही. दोन वर्षं तेच सांगत राहिलो. ताई अधूनमधून विचारायच्या, "सांगितलं का?" आणि मी मशीन चालू करायचो.

यंदाच्या थंडीत ताई गेल्या. सकाळी दुकानात यायला निघाल्या आणि दारातच हृदय बंद पडलं. आईला घेऊन मी त्यांच्या घरी जाऊन आलो. परत आल्यावर आई खाटेवर बसून राहिली. मला ते सहन होईना. मी तिच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. डबी, बाटल्या, बुधवार, सगळं.

"मले ठाऊक हाय," आई म्हणाली.

"ताईंनी सांगितलं?"

"नाही बा. दवाखान्यात मी तिले विचारलं होतं, माह्या पोरानं काही चुकवलं का म्हणून. तिनं माहा हात धरला. म्हणे, माय, हे पोरालेच विचारा."

"मग विचारलं का नाहीस?"

"मायनं काय विचारावं? तू सांगशीन म्हणून वाट पाहून राहिली होती." तिनं पदरानं डोळे पुसले. "ताईबी वाट पाहून राहिली होती."