तीन सेकंदांची चौकट

शनिवारी दुपारी जेवून शार्दूल कोठावदे लॅपटॉपपुढे बसतो आणि अहवालाच्या तिसऱ्या पानावर त्याचे डोळे जड होतात. सोमवारी हा अहवाल संचालकांपुढे जायचाय. रुग्णांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर त्याने ऐंशी खाटांच्या एका दवाखान्यासाठी पायथन या संगणकभाषेत लिहिलं. पुढे त्याच सॉफ्टवेअरवर सतरा दवाखाने चढवले गेले आणि ते धापा टाकू लागलं. मार्चमध्ये त्यापायी एक बाई गेल्या. अहवाल म्हणतो, दोष भाषेचा. सगळं जावा या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहावं. नव्या कामाचा प्रमुख अर्थातच शार्दूल.

पंख्याची घरघर लांब लांब जाते. स्वयंपाकघरात कुणीतरी नळ सोडलाय.

"कोण आहे?"

"मी. हात धुतेय."

सिस्टर रुमाव. पांढरा गणवेश, कोपरापर्यंत साबण. वॉर्डातलं काम कसं चालतं ते याच बाईंनी शार्दूलला दोन महिने शेजारी बसवून शिकवलं होतं. मार्चमध्ये गेल्या त्याही याच. त्यांचे ओठ अजून सुजलेले आहेत आणि श्वास शिट्टीसारखा वाजतोय.

"सिस्टर, बसा ना."

"बसायला नाही आले. वाच, काय लिहिलंयस."

तो वाचू लागतो. एकाच वेळी हजारो विनंत्या आल्या की भाषेच्या मर्यादेमुळे...

"सोपं करून सांग. मी मेलेय, तरी शिकलेली नाही तुझ्यातलं."

"रुग्णाची माहिती संगणकावर यायला वेळ लागायचा. डॉक्टर चिडायचे. म्हणून मी तीन सेकंदांची मर्यादा घातली. तेवढ्यात माहिती आली नाही तर चौकट कोरी दाखवायची."

"ॲलर्जीचीही?"

"सगळ्याच."

"कोरी म्हणजे 'नाही', की 'माहीत नाही'?"

शार्दूल पान खाली सरकवतो.

"तेव्हाही हेच विचारलं होतं मी. तू म्हणालास, नंतर बघू." त्या साबणाचे हात निथळत धरतात. "जावात कोरी चौकट दाखवता येत नाही का रे?"

"येते."

"तीन सेकंद! मला मरायला चार मिनिटं लागली. भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं, बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं."

नळाचं पाणी फरशीवर उतरतं, खाटेच्या चाकांखालून वाहतं. सिस्टर खाटेवर पडल्या आहेत. एक तरुण डॉक्टरीण हातात सिरिंज धरून उभी आहे. जवळपास कुठे संगणक नाही. पडद्यापलीकडे मात्र संचालक खुर्च्या मांडून बसलेत, प्रात्यक्षिक बघायला.

डॉक्टरीण शार्दूलकडे वळते. "पेनिसिलिनची ॲलर्जी?"

त्याला ठाऊक आहे. 'आहे' हा शब्द त्याच्या जिभेवर येऊन बसलाय. संचालकांपैकी एकजण मनगटावरचं घड्याळ बघतो.

"काही नाही," शार्दूल म्हणतो.

डॉक्टरीण मान डोलावते. सुई आत जाते.

सिस्टर त्याच्याकडे बघत राहतात. रागाने नाही, वॉर्डात नवी मुलगी इंजेक्शन चुकीचं भरते तेव्हा बघायच्या तशा.

"आता तर मशीनही मध्ये नव्हतं," त्या म्हणतात.

"सिस्टर, मला माफ..."

"ते फादरकडे जाऊन माग. मी नर्स आहे. हात पुढे कर."

त्याला हात मागे घ्यायचाय, पण तो पुढे होतो. कातडीखाली बारीकसा डंख बसतो. सिस्टर खिशातलं बॉलपेन काढून त्याभोवती गोल आखतात आणि हात त्याच्या मांडीवर परत ठेवतात, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा.

"टेस्ट डोस. गाठ रेघेबाहेर गेली तर ॲलर्जी आहे. माझ्या वेळी द्यायचा राहिला. चौकट कोरी होती ना!"

शार्दूल दचकून जागा होतो. चार वाजून गेलेत. स्वयंपाकघरात जाऊन तो बघतो. नळ घट्ट बंद, सिंक कोरडं. तो हसतो, स्वतःशीच. मग पाण्याचा ग्लास उचलताना त्याला डाव्या हातावर, कोपराच्या खाली, निळ्या शाईचा गोल दिसतो. आत गांधील चावल्यासारखी लाल गाठ.

तो साबण लावून घासतो. शाई निघत नाही. गाठ रेघेपर्यंत येते आणि त्याच्या डोळ्यांदेखत रेघ ओलांडते.

टेबलाशी परत येऊन शार्दूल बाही मनगटापर्यंत ओढतो, बटण लावतो आणि अहवालाचं चौथं पान सुरू करतो.