देवाचं पाणी

आमचं गाव आनेकलच्याही पलीकडे. बस जिथं सोडायची तिथून पुढं पायीच जायचं. दोन-तीनशे वर्षांमागं कुठल्याशा फौजेबरोबर आलेली आमची मराठी घरं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. आमची मराठी ऐकून पुण्याकडची माणसं अजून हसतात. हसोत बापडी. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो, थोरल्या बहिणीला अक्का, आणि अख्ख्या गावाला पाणी पाजणाऱ्या एकुलत्या एका विहिरीला बावी.

पन्नास सालानंतरची गोष्ट. आसपास कुठं पटकीची लागण झाली की आरोग्य खात्याचा माणूस सायकलला जंतू मारायच्या पावडरीचा डबा बांधून यायचा. त्याचा नियम ठरलेला: संध्याकाळी बावीत पावडर टाकायची आणि सकाळपर्यंत कुणी दोर सोडायचा नाही. म्हणून आदल्या दिवशी दवंडी पिटायचे, की उद्या रात्री बावी बंद, लागेल तेवढं पाणी भरून ठेवा, पण प्यायचं ते उकळून प्या. यातलं ‘भरून ठेवा’ तेवढं आमच्या लोकांनी नीट ऐकलं. उकळायचं नाव काढलं की म्हातारे म्हणायचे, देव तारी त्याला कोण मारी.

पावडरीच्या पाण्याला वास यायचा, आणि वासाचं पाणी देवाला चालत नाही असं आमच्याकडं केव्हाच ठरून गेलं होतं. दवंडी झाली की घरोघरच्या बायका आंघोळ करून ओलेत्यानं बावीवर जायच्या, नवा घडा भरून आणायच्या आणि देवघरात झाकून ठेवायच्या. ते देवाचं पाणी. ते कुणी चुलीवर चढवतं का? पूजेपुरतं देवाला, उरलेलं घरातल्या तान्ह्याला, आजाऱ्याला, पोटुशीला. म्हणजे ज्यांच्यावर जीव, त्यांना. बाकीच्यांनी नाक दाबून पावडरीचं प्यायचं. त्या घड्यातल्या भांडंभर पाण्यासाठी मी आईशी कितीदा भांडले असेन.

त्या उन्हाळ्यात अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आधीच उलट्यांनी बेजार झालेली, त्यात पावडरीचा वास नुसता नाकाशी आला तरी तिच्या पोटात ढवळायचं. दवंडी ऐकली आणि आईनं एकाच्या जागी घरातले होते नव्हते तेवढे घडे भरले. ते सगळं पाणी अक्काचं. मी हात लावायला गेले तर पाठीत धपाटा बसला. ‘ती दोन जिवांची आहे. तू घोडी, तुला काय, दगड पण पचतील.’ आईची पाठ वळली की अक्का हसून आपलं भांडं माझ्यापुढं करायची. मी रुसले होते, घेतलं नाही. त्या रुसव्यानं मी वाचले, हे मला नंतर कळलं.

पावडर टाकून झाल्यावर सकाळी सायकलवाला परत आला. बाटलीत बावीचं पाणी घेऊन त्यात त्यानं कसलेसे थेंब टाकले, पाणी पिवळं झालं, आणि ‘सरी, सरी’, म्हणजे ठीक आहे, म्हणत तो निघून गेला. बावी पास झाली. खोटं कशाला बोलू, माणूस कामाला चोख होता. पण आमच्या देवघरातले घडे त्यानं बघितले नाहीत, आणि बघतो म्हणाला असता तर आम्ही त्याला आत घेतलंही नसतं.

थोड्याच दिवसांत एका पहाटे अक्काला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. ऊन चढेपर्यंत तिचे डोळे खोल गेले, बोटांची कातडी सुरकुतली. अण्णांनी बैलगाडी जुंपून घेतली. आनेकलच्या दवाखान्यापर्यंत आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि चमच्याचमच्यानं तिच्या तोंडात पाणी घालत होती. तेच पाणी. वाटेत दुसरं कुठलं पाजायला नको म्हणून तिनं घरून कळशी भरून घेतली होती.

अक्का संध्याकाळी गेली. पोटातलं बाळही तिच्याबरोबर गेलं.

डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन विचारलं, ही कुठलं पाणी प्यायची? अण्णांनी मोठ्या भरवशानं सांगितलं, पावडर पडायच्या आधीचं, अगदी सोवळ्यातलं. डॉक्टर हळूच कानडीत म्हणाले, ‘अहो, रोग त्यातच होता.’ मी अण्णांच्या मागंच उभी होते. ते माझ्याकडं वळले. ‘आईला हे कधी सांगायचं नाही,’ एवढंच म्हणाले.

पुढं त्यांनी चार मोठ्या माणसांना गाठून गावातली ती चालच बंद पाडली. आईला मात्र सांगितलं, की पाणी साठवलं तर सरकार दंड करतंय. आई चिडली. सरकारला देवाचं पाणीसुद्धा बघवत नाही, असं ती जन्मभर येईल त्याला सांगत राहिली. मी ऐकायचे आणि आतल्या आत जळायचे. राग कुणावर धरायचा तेही कळायचं नाही.

अण्णा गेले. मी लग्न होऊन बेंगळूरला आले. घरात नळ होता, आणि नळाला तोच पावडरीचा वास. मला दिवस गेले तेव्हा आई येऊन राहिली. तिनं नळाचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं, तोंड वाकडं केलं, आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या देवळाच्या विहिरीवरून घडा भरून आणला. भांडं माझ्या हातात देत म्हणाली, ‘हे पी. अक्काला मी शेवटपर्यंत असलंच पाजलं. नशिबानं नेली तिला, पण पाण्याला मी कमी पडू दिलं नाही.’

एवढ्या वर्षांत तिला तेवढाच एक आधार होता. मला ते ठाऊक होतं. पण माझ्याही पोटात जीव होता. मी ते भांडं स्टोव्हवर ठेवलं.

‘आई, उकळून पिते.’

‘देवळाचं पाणी आहे. त्याला काय उकळायचं?’

‘उकळायलाच हवं, आई. तेव्हाही उकळायला...’

जीभ चावली, पण उशीर झाला होता. आई स्टोव्हकडं बघत राहिली. पाण्याला आधण आलं तरी तिथंच उभी. मग तिनं विचारलं, ‘तुझ्या अण्णांना ठाऊक होतं?’

मी होकाराची मान हलवली. ती आतल्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसली.

मला मुलगी झाली, चांगली धडधाकट. आईनं तिचं सगळं केलं. तेल लावलं, न्हाऊ घातलं, मांडीवर थोपटून झोपवलं. पण प्यायचं पाणी तिनं पुन्हा कुणाला आपल्या हातानं दिलं नाही. दारी पाहुणा आला तरी ती जागची उठायची नाही. नात बोलायला लागली, ‘आजी, पाणी’ म्हणत तिचं लुगडं ओढायला लागली. तेव्हा आई दोन्ही हात पदराखाली घ्यायची आणि मला हाक मारायची, ‘अगं, हिला पाणी दे.’